४४ दिवसांचं अंतर आणि वगळलेला मोठा गट: पहिलीच्या प्रवेशवयाचं एक प्रकरण

हे प्रकरण २०२१ सालच्या प्रवेशांचं. शाळा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची, खासगी अनुदानित, मराठी माध्यमाची. प्राथमिक विभागाची मुख्याध्यापिका त्या वेळी मीच होते, त्यामुळे यात जे चुकलं त्यातला बराच वाटा माझा आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. जन्मतारखांमधलं अंतर आणि निर्णयांचा क्रम मात्र तसाच ठेवलाय, कारण सगळी गुंतागुंत त्या अंतरातूनच सुरू झाली.

पार्श्वभूमी

एकत्र कुटुंब, दोघा भावांचं मिळून बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान. थोरल्या भावाला मुलगा झाला २८ सप्टेंबर २०१५ ला आणि धाकट्याला मुलगी झाली ११ नोव्हेंबर २०१५ ला. मध्ये ४४ दिवस. घरात त्यांना दादा आणि छोटी म्हणत, इथेही तेच म्हणते. दोघांना एकाच्या जोडीला दुसरं असं वाढवलेलं. कपडे एका ताग्यातले, जेवण एका ताटात.

शाळेच्या दारात मात्र दोघांची फाटाफूट झाली. शिक्षण हक्क कायद्यात वय ६ ते १४ असलं, तरी आपल्याकडे पाच पूर्ण झालेली मुलं वर्षानुवर्षं पहिलीत बसत आली. २०१५ च्या जानेवारीत शासनाने पहिलीचं किमान वय टप्प्याटप्प्याने सहा वर्षांवर न्यायचं ठरवलं. पुढे २०१७ मध्ये वय मोजायची तारीख ३० सप्टेंबर झाली आणि मुख्याध्यापकांना १५ दिवसांची शिथिलता द्यायची मुभा मिळाली. नर्सरीसाठी तीन पूर्ण, पहिलीसाठी सहा पूर्ण, दोन्ही ३० सप्टेंबरला.

या हिशेबात दादा दोन दिवसांनी आत आला, छोटी ४२ दिवसांनी बाहेर राहिली. १५ दिवसांची शिथिलता तिच्या काय कामाची! दादाची नर्सरी २०१८-१९ ला सुरू झाली, छोटीची २०१९-२० ला. आजोबा तेव्हाच शाळेत येऊन भांडून गेले होते. त्यांच्या स्वतःच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. त्यांच्या पिढीत निम्म्या गावाची तीच असते. गुरुजींनी डोक्यावरून हात घ्यायला लावायचा, तो पलीकडच्या कानाला लागला की पोरगं पहिलीत, आणि तारीख १ जून. अशा माणसाला ४२ दिवस समजावून सांगणं म्हणजे अवघडच. "बाई, तुम्ही लिवणार, आणि तुम्हीच नाही म्हणणार?" असं त्यांनी मला विचारलं होतं. जन्मदाखला आता नगरपालिकेच्या संगणकात असतो, हे काही त्यांना पटलं नाही. पण ते गप्प बसले आणि मुलं एका वर्षाच्या अंतराने शिकायला लागली.

मग १८ सप्टेंबर २०२० चा शासन निर्णय आला. वय मोजायची तारीख ३० सप्टेंबरवरून ३१ डिसेंबर झाली, २०२१-२२ या वर्षापासून. त्यामुळे २०२१-२२ ला पहिलीसाठी १ ऑक्टोबर २०१४ ते ३१ डिसेंबर २०१५ या काळात जन्मलेली मुलं पात्र ठरली. बोटं मोजून पाहा, पंधरा महिने होतात. एका इयत्तेत पंधरा महिन्यांची मुलं.

तेव्हा शाळा बंद होत्या आणि आमचं लक्ष मोबाइल नसलेल्या मुलांपर्यंत गृहपाठ कसा पोचवायचा यात होतं. खरं सांगायचं तर तो निर्णय मी नीट वाचला तो २०२१ च्या फेब्रुवारीत, प्रवेशाची जाहिरात काढायची वेळ आली तेव्हा.

अडचण

नव्या तारखेमुळे छोटी २०२१-२२ ला पहिलीत बसू शकत होती, दादाच्याच वर्गात. घरात आनंदीआनंद.

फक्त एक गोष्ट राहत होती. २०२०-२१ ला छोटी लहान गटात होती. पहिलीत गेली तर मोठा गट, म्हणजे पहिलीच्या आधीचं शेवटचं वर्ष, वगळला जाणार. त्यातही लहान गटाचं तिचं वर्ष म्हणजे आईच्या मोबाइलवर दिवसाला पाऊण तास, तोही दुकानातला फोन आला की बंद. प्रत्यक्ष शाळा तिने पाहिली ती फक्त नर्सरीत, मार्च २०२० पर्यंत. तीन वर्षांच्या तयारीतलं एक वर्ष प्रत्यक्ष, एक मोबाइलवर आणि एक गायब.

वयाचं म्हणाल तर १५ जून २०२१ ला दादा होता ५ वर्षं ८ महिन्यांचा, छोटी ५ वर्षं ७ महिन्यांची. दादाबद्दल कुणालाच काळजी नव्हती, मलाही नव्हती. दोघांत महिना-दीड महिन्याचा फरक आणि एकाची काळजी, दुसऱ्याची नाही, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. बैठकीत मात्र आम्ही सगळे वयावरच बोलत राहिलो. वयाने ती बसत होतीच. अडचण होती ती जिन्याच्या मधोमध असलेल्या मुलांखालची पायरी काढून घेतली गेल्याची. नव्या तारखेनुसार जी मुलं नर्सरीपासूनच येणार होती, त्यांना यातलं काही भोगावं लागणार नव्हतं. भोगणार होती ती ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेली आणि आधीच गटात बसलेली मुलं.

आमच्या लहान गटात अशी १४ मुलं होती.

आता शाळेची बाजू, कारण ती पालकांना कुणी सांगत नाही. प्राथमिक विभाग अनुदानित, शिक्षकांची पदं संचमान्यतेवर, म्हणजे शाळेला किती पदं द्यायची या सरकारी मंजुरीवर, आणि संचमान्यता पटावर, म्हणजे मुलांच्या संख्येवर. आमचा पट काही वर्षं घसरत होता, एक पद अतिरिक्त ठरेल अशी स्थिती होती. १४ मुलं पहिलीत आली तर ते पद वाचत होतं. उलट खालचे गट विनाअनुदानित. तिथल्या ताईंचा पगार फीमधून निघतो आणि कोरोनात फी थकलेली. तीच १४ मुलं वर सरकली की मोठा गट निम्मा रिकामा आणि एका ताईंचं काम जाणार. म्हणजे एकाच इमारतीत, एका जिन्याच्या वर आणि खाली, एकाच मुलाबद्दल दोन उलटे हितसंबंध होते. मी बसायचे वरच्या मजल्यावर. पालकांना सल्ला देताना मी निष्पक्ष होते असं मला वाटत होतं. आता तसं वाटत नाही.

समोरचे पर्याय

पहिला, छोटीला सरळ पहिलीत घालायचं. घरातल्या बहुतेकांचा कौल इकडे. आजोबांना "एक वर्ष वाचतंय" हे पुरे होतं. आजीचं म्हणणं, मुलीच्या जातीला शिक्षण लवकर उरकलेलं बरं. त्यामागचं गणित मी लिहायला नको. दादाच्या आईला दोघं एकत्र आली की एकाच वेळी आणणं-पोचवणं, एकच अभ्यास हा सोयीचा भाग दिसत होता, आणि तो खोटा नव्हता.

दुसरा, मोठा गट करून २०२२-२३ ला पहिलीत घालायचं. छोटीच्या आईचा ओढा इकडे. त्या पतसंस्थेत कारकून आहेत, कागद वाचायची सवय. त्यांनी मला दोन नेमके प्रश्न विचारले. एक, थांबवलं तर पुढच्या वर्षी वय जास्त म्हणून अडेल का? नाही. तेव्हा ती जूनमध्ये ६ वर्षं ७ महिन्यांची असणार होती. २५ टक्के राखीव जागांच्या ऑनलाइन प्रवेशातसुद्धा पहिलीची कमाल मर्यादा ७ वर्षं ५ महिने ३० दिवस असते, तीही ओलांडली जात नव्हती. दोन, पुढे डॉक्टरकीच्या प्रवेशाला वगैरे काही अडचण? "नीट" या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण लागतात. आत्ता पहिलीत गेली तर बारावीनंतर ती १८ ची असेल, थांबली तर १९ ची. दोन्हीकडे वाट मोकळी. मी हे उत्तर दिलं, पण त्याच्या पुढचं वाक्य बोलले नाही: म्हणजे घाई करून हाती काहीच लागत नाही.

तिसरा पर्याय माझाच, आणि तोच सगळ्यात वाईट ठरला. गूगल मीटवरच्या पालकसभेत मी म्हणाले, "पहिलीत घालून बघा, दिवाळीपर्यंत नाही जमलं तर मोठ्या गटात बसवू." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. सभेतल्या अर्ध्या लोकांनी त्याच भरवशावर निर्णय घेतला. पण पहिलीत प्रवेश म्हणजे जनरल रजिस्टरला नाव, ऑनलाइन पोर्टलवर नोंद, आणि पहिलीत कुणालाही मागे ठेवता येत नाही असं कायदा सांगतो. खालच्या गटांना तर कायद्याच्या लेखी इयत्ताच नाही. पहिलीतून मोठ्या गटात पाठवायचं तर नाव काढून टाकायचं, म्हणजे कागदोपत्री मूल शाळाबाह्य. हा रस्ता अस्तित्वातच नव्हता आणि मी तो दाखवला.

चौथा एक विचार झाला, मुलांची तयारी तपासून ठरवायचं. पण प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला कायद्याची सक्त मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. नाहीतर प्रत्येक शाळेने चाळणी लावली असती. आमची मुलं आधीपासून आमच्याच गटात होती, त्यामुळे "चाचणी" न म्हणता ताईंचं निरीक्षण पालकांना सांगता आलं असतं, निर्णय पालकांचाच ठेवून. पण ज्या ताईंनी वर्षभर मुलांना मोबाइलच्या खिडकीत पाहिलं, त्या काय निरीक्षण सांगणार? आम्ही ते सोडून दिलं. इथेही वाट होती, तिच्याबद्दल पुढे लिहिते.

काय केलं

एप्रिलमध्ये मी सूचना काढली आणि लहान गटाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. शब्द असे होते: "शासन निर्णयानुसार ३१ डिसेंबर २०१५ पर्यंत जन्मलेल्या विद्यार्थ्यांना इयत्ता पहिलीत प्रवेश देण्यात येईल. पालकांनी आठ दिवसांत कागदपत्रे जमा करावीत."

"देण्यात येईल" हे माझ्या मते मुभा देणारं वाक्य होतं. पालकांनी ते हुकूम म्हणून वाचलं, आणि त्यात त्यांची चूक नाही. शासन निर्णयानुसार, येईल, जमा करावीत. या भाषेत कुणाला निवड दिसेल? शासनाच्या निर्णयात किमान वय होतं. किमान म्हणजे त्याखाली नको. त्या वयाला घालायलाच पाहिजे असं नाही. पण "किमान" हा शब्दच माझ्या सूचनेत नव्हता. दोन पालकांनी तर नंतर सांगितलं की, आता मोठ्या गटात ठेवलं तर शाळा काढून टाकेल असं त्यांना वाटलं होतं.

छोटीच्या आई तरी भेटायला आल्या. मास्क लावून व्हरांड्यात उभ्या, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जन्मदाखला आणि आधारची झेरॉक्स. म्हणाल्या, "मॅडम, माझं मन नाही. पण घरी सांगायला तुमचा एक शब्द हवा. तुम्ही म्हणालात थांबवा, तर सासरे ऐकतील."

या प्रकरणातला खरा निर्णयाचा क्षण हा. त्यांना नियम नको होता, तो त्यांना माझ्याइतकाच कळत होता. त्यांना घरात टेकायला आधार हवा होता. मी म्हणाले, "निर्णय पालकांचा असतो, मी कसं सांगणार?" वर तो दिवाळीचा वायदा पुन्हा ऐकवला. त्या कागद देऊन गेल्या.

१४ पैकी ९ मुलं पहिलीत आली, ५ मोठ्या गटात राहिली. राहिलेल्या पाचांपैकी तिघांच्या घरी कुणीतरी शिक्षक होतं. याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

जूनमध्ये शाळा सुरू झाली ती पुन्हा पडद्यावर. राज्यात दुसरीपासून वरच्या वर्गांना मागचं भरून काढायला सेतू अभ्यास होता. पहिलीला नव्हता, कारण पहिलीच्या मागे काही आहे असं व्यवस्था धरतच नाही. आमच्या या नऊ मुलांच्या मागे मात्र एक पूर्ण वर्ष मोकळं पडलं होतं.

डिसेंबरनंतर

१ डिसेंबर २०२१ ला पहिली ते चौथी प्रत्यक्ष सुरू झाली. वर्गशिक्षिकांनी छोटीला खऱ्या अर्थाने पाहिलं ते त्या दिवशी. बाकावर बसली तर पाय अधांतरी, म्हणून तिने ते मुडपून वर घेतले. पेन्सिल मुठीत धरलेली, लाटणं धरावं तशी. कविता खडखडीत पाठ, एक ते शंभर तोंडपाठ. मण्यांची पेटी पुढे ठेवून मोजायला सांगितलं तेव्हा बारापर्यंत एकेक मणी सरकवला, मग हात थांबला आणि तोंड एकटंच पुढे गेलं, तेरा, चौदा, पंधरा, मणी तिथेच. दुरेघी वहीत "क" काढताना उभी रेघ खालच्या ओळीच्या पार खाली. त्याच बाकावर दादा "कमळ", "मगर" लिहीत होता आणि अधूनमधून तिच्या वहीत डोकावून, अगदी प्रेमाने, "असं नाही गं" म्हणत होता.

मोठ्या गटात जे होतं ते हेच. बोटांची पकड, वस्तू आणि आकडा यांची गाठ, पंधरा मिनिटं एका जागी बसणं. त्याची प्रगतिपुस्तकात नोंद नसते म्हणून कुणाला ते वर्ष वाटत नाही.

जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या आणि २४ तारखेला उघडल्या. त्या आठवड्यात छोटीच्या आई आल्या आणि दिवाळीची आठवण करून दिली. मला तेव्हा सांगावं लागलं की ते शक्य नाही. त्या चिडल्या नाहीत. "मग तेव्हा कशाला म्हणालात?" एवढंच विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग जे करता येण्यासारखं होतं ते केलं. फेब्रुवारीपासून शेवटच्या दोन तासिकांना छोटी आणि आणखी तीन मुलं खालच्या मजल्यावर मोठ्या गटात जाऊन बसायला लागली. हजेरी पहिलीची, बसणं खाली. माती, मणी, कात्री, चिकटकाम. ताईंनी ते आनंदाने केलं, आणि त्याबद्दल त्यांना एक रुपया जास्त मिळाला नाही. दोनमधल्या एका ताईंचं काम जूनमध्येच गेलं होतं, मुलं कमी म्हणून. ज्या वर्षी खालच्या गटाची सगळ्यात जास्त गरज पडली त्याच वर्षी आम्ही तो अर्धा केला.

घरी काय चाललं होतं ते नंतर कळलं. आजोबा रोज संध्याकाळी दोघांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहायचे. हेतू वाईट नव्हता. पण छोटी वही लपवायला लागली, मग पोटात दुखायला लागलं, तेही नेमकं सकाळी साडेनऊला. आम्ही घरच्यांना बोलावलं. मी आजोबांना म्हटलं, "वह्या शेजारी ठेवू नका, एवढं माझ्यासाठी करा." ते म्हणाले, "बाई, हे तवाच सांगितलं असतं तर एकत्र घातलंच नसतं."

काय निष्पन्न झालं

छोटी दुसरीच्या अखेरीस वाचायला लागली, दादा पहिलीच्या अखेरीस. तिसरीत तिचं वाचन वर्गाच्या बरोबरीला आलं. गणितात हातच्याची बेरीज तिला चौथीपर्यंत बोचत राहिली. म्हणजे आभाळ काही कोसळलं नाही, आणि हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टी सांगताना आपण मुलाचं आयुष्य बरबाद झाल्यासारखं बोलतो. दोन वर्षं मुलगी स्वतःला "ढ" समजत होती. झालं ते इतकंच, पण ते तिला झालं.

बाकी आठपैकी तिघांना काहीच जड गेलं नाही. त्यातली एक मुलगी वर्गात पहिल्या पाचात असते. दोघांची नावं पालकांनी काढून दुसऱ्या शाळेत नेली. राहिलेल्या तिघांची गत छोटीसारखीच, थोडी कमी थोडी जास्त.

आणि मागे राहिलेल्या पाचांचं? त्यांना मोठा गट मिळाला, तोही जानेवारीअखेरपर्यंत पडद्यावरच. त्यांच्या आयांना शेजारणींचं "तुमचा अजून केजीतच?" ऐकून घ्यावं लागलं. एकाला पहिलीत चक्क कंटाळा आला, खोड्या वाढल्या. थांबवणं म्हणजे हमखास बरं, असंही नाही. पण त्या पाचांपैकी एकालाही पोटात दुखलं नाही.

शाळेचं पद वाचलं. हेही निष्पन्नच.

पुन्हा तीच वेळ आली तर

ती येणारच आहे. नव्या शैक्षणिक धोरणाचा सगळा रोख सहा पूर्ण झाल्यावरच पहिली असा आहे, आणि केंद्राने २०२३ आणि २०२४ च्या फेब्रुवारीत राज्यांना तसं कळवलंही. केंद्रीय विद्यालयांनी २०२२-२३ पासून ३१ मार्चला सहा पूर्ण ही अट लावली. पालक न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनही अट टिकली. आपल्याकडे ३१ डिसेंबर असल्यामुळे साडेपाच वर्षांचं मूल जूनमध्ये कायदेशीरपणे पहिलीत बसतं. सीमेपलीकडे बेळगाव-निपाणीत, मराठी शाळेतसुद्धा, कर्नाटकचा नियम चालतो, १ जूनला सहा पूर्ण. तिथेही तो लागू करायच्या पहिल्याच वर्षी, २०२५-२६ ला, जिन्यावर अडकलेल्या मुलांसाठी साडेपाचच्या आसपास, म्हणजे ५ वर्षं ५ महिन्यांपर्यंत, एका वर्षापुरती सूट द्यावी लागली. दिशा उलटी, तारीख पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढलेली, पण अडकणारी मुलं तीच, आधीच गटात बसलेली.

मी काय वेगळं केलं असतं, तर पहिलं म्हणजे उडी खालच्या पायरीवर घ्यायला सांगितली असती. २०२०-२१ ला आमच्या नर्सरीतही ऑक्टोबर-डिसेंबर २०१६ ची मुलं होती. त्यांना लहान गट वगळून मोठ्या गटात नेणं तुलनेने स्वस्तात झालं असतं, पहिलीच्या आधी एक पूर्ण वर्ष हाताशी उरतं. आम्ही उलट त्यांना तसंच चालू ठेवलं आणि पुढच्या वर्षी त्यांच्याही पालकांपुढे पहिलीच्या दारात तोच प्रश्न उभा केला. एक चूक दोनदा.

दुसरं, निरीक्षणाची वाट. मार्च २०२१ मध्ये गर्दीवर बंधनं होती, पण एकेका पालकाला मुलासह वीस मिनिटं मैदानातल्या चिंचेखाली बोलावता आलं असतं. मणी, कात्री, एक गोष्ट. प्रवेशासाठी नाही, पालकांना दिसावं म्हणून. आई-वडिलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की माझ्या सल्ल्याची गरज उरत नाही. २०२२ पासून राज्यभर "पहिले पाऊल" मध्ये शाळापूर्व तयारीचे मेळावे व्हायला लागले, त्यात टेबलं मांडून हेच करतात. पहिला मेळावा पाहताना मला ती १४ मुलं आठवत होती.

तिसरं, सूचनेचे शब्द. नंतरच्या वर्षी मी असं लिहिलं: "किमान वय पूर्ण असल्यास प्रवेश घेता येईल. घेणे बंधनकारक नाही. पुढील वर्षीही प्रवेश मिळेल. पहिलीत प्रवेश झाल्यावर पुन्हा गटात परत येता येणार नाही." चार वाक्यं. शेवटच्या वाक्यावर संस्थेच्या सचिवांनी आक्षेप घेतला, त्याने पट कमी होईल म्हणून. ते राहिलं, कारण मी हट्ट केला. त्या वर्षी पट खरंच थोडा कमी झाला.

आणि व्हरांड्यात ती आई एक शब्द मागत होती, तो मी दिला असता. निर्णय पालकांचा असतो हे खरं, पण एकत्र कुटुंबात "पालक" म्हणजे नेमकं कोण, हे शाळेला ठाऊक असतं आणि शाळा ते ठाऊक नसल्यासारखं वागते. "माझ्या मते थांबवा" हे लेटरहेडवर लिहून दिलं असतं तरी माझं काही बिघडलं नसतं.

छोटीला आता धाकटा भाऊ आहे, ९ डिसेंबर २०१९ चा. नियमाने तो २०२२-२३ ला नर्सरीत बसत होता. मी निवृत्त झाल्यावर एकदा आठवड्याच्या बाजारात त्याच्या आई भेटल्या. भाजीची पिशवी एका हातात, पोराचं मनगट दुसऱ्या हातात. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं, "याला एक वर्ष उशिरा घातलाय मॅडम, नर्सरीलाच." सासरे काय म्हणाले, असं मी विचारलं. त्या हसल्या. "त्यांनीच सांगितलं, थांबव म्हणून."